बोलीकोशासाठी जँगोची उभारणी

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशीचे विवेचन भिल्ल भाषांसमवेत आले आहे. पुढे डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला. छापील कोशाची मर्यादा मात्र अशी की, त्यातील शब्द एकाच क्रमाने व एकाच लेखनाने सापडतो. जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे २००१ साली सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ साली ते सुमारे १८ लाख ६० हजार भरले. या घटीची कारणे काहीही असोत, जळगाव-धुळ्याकडील शब्द गावागणिक नोंदविण्याचे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. जालावरील कोश हे त्याचे सोयीचे साधन होय. तो ‘जँगो’ या मुक्तस्रोत फ्रेमवर्कवर उभारताना पहिल्याच दिवशी कोणते भाषिक निर्णय घ्यावे लागतात, याचा येथे विचार केला आहे.

फ्रेमवर्क म्हणजे जालस्थळाची नित्याची कामे आधीच लिहून ठेवलेली चौकट. पृष्ठांचे पत्ते ओळखणे, डेटाबेसशी व्यवहार करणे, प्रवेश तपासणे ही ती कामे. जँगोचा आरंभ २००३ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन हे तिचे मूळ कर्ते. जुलै २००५ मध्ये ती सर्वांस खुली झाली. वृत्तपत्रात जन्मल्यामुळे संपादकांनी मजकूर भरावयाचा ‘अॅडमिन’ विभाग तीत तयारच मिळतो. प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्या कोशकारास याहून मोठी सोय नाही.

प्रत्यक्ष स्थापना अवघड नाही. एप्रिल २०२५ मध्ये निघालेल्या ५.२ या आवृत्तीस पायथन ३.१० वा त्यापुढील लागते. प्रथम कोशासाठी पायथनचा निराळा कप्पा, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, करावा; त्यायोगे संगणकावरील इतर कामांना बाध येत नाही. त्या कप्प्यात ‘पिप’ या साधनाने जँगो बसवावी, ‘स्टार्टप्रोजेक्ट’ या आज्ञेने प्रकल्प निर्माण करावा व ‘रनसर्व्हर’ देऊन ८००० क्रमांकाच्या पोर्टवर स्वागताचे पान दिसते की नाही ते पाहावे. ‘सेटिंग्ज’ फाइलमध्ये भाषेचा संकेत मराठीचा व कालविभाग आशिया-कोलकाता असा लिहिला की प्राथमिक मांडणी झाली.

येथे घाईने ‘मायग्रेट’ ही आज्ञा देऊ नये. ती दिली की डेटाबेसमधील तक्ते घडतात, आणि काही गोष्टी नंतर बदलणे क्लेशाचे होते. वापरकर्त्याचा स्वतंत्र नमुना आरंभीच ठरवावा, असे जँगोचे दस्तऐवजही सांगतात. कोशाच्या बाबतीत याहून महत्त्वाचा प्रश्न वर्णक्रमाचा आहे. जँगो मुळात ‘एस्क्यूलाइट’ हा डेटाबेस गृहीत धरते, व तो शब्दांची रांग युनिकोडच्या अंकांनुसार लावतो. त्या रांगेत ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये येतो; मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतरचा. ‘क्ष’ने आरंभ होणारे शब्दही ‘क’च्या शेवटी जाऊन पडतात. म्हणून ‘पोस्टग्रेस’ हा डेटाबेस घेऊन मराठीचा क्रमनियम लावावा. जँगोच्या ३.२ आवृत्तीपासून तो प्रत्येक रकान्यास स्वतंत्रपणे सांगता येतो.

दुसरा प्रश्न लेखनाचा. ‘बऱ्हाणपूर’ हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण त्यातील ‘ऱ’ एका संकेताने, ‘र’ व नुक्ता मिळून, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडक मिळून असा तीन प्रकारे टंकित होऊ शकतो. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसऱ्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. हे काम नोंद साठविण्यापूर्वीच व्हावे, एरवी एकच शब्द तीन ठिकाणी पडेल व शोधणाऱ्यास त्यांतील एकच हाती लागेल.

खरी कसोटी पुढेच आहे. प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी अहिराणीत बहुधा ‘य’ येतो: डोळा-डोया, काळा-काया. रावेर-यावलकडील लेवा बोलीतही हेच दिसते. ‘आहे’साठी कोठे ‘शे’ तर कोठे ‘से’ ऐकू येतो. या नात्यांचे ज्ञान कोणत्याही फ्रेमवर्कला असणे शक्य नाही. तेव्हा उच्चारानुसारी रूप, प्रमाण मराठी प्रतिशब्द आणि बोलीचे नाव असे निरनिराळे रकाने ठेवावेत, व शोध पहिल्या दोहोंत एकदम चालवावा. ‘डोया’ दुरुस्त करून ‘डोळा’ लिहिणारा नोंदकार कोशाचे नुकसान करतो.

स्थळाच्या रकान्यात केवळ जिल्हा पुरत नाही. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि धुळ्यातून नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी वेगळा निघाला. जुन्या संग्रहातील ‘धुळे जिल्हा’ म्हणजे तळोदाही असू शकतो. म्हणून गाव, तालुका व नोंदीचे वर्ष अवश्य घ्यावे. बोलणाऱ्याचे नाव घेतलेच तर ते सार्वजनिक पानावर येणार नाही, अशी व्यवस्था नमुन्यातच करावी.

कोश लोकांस खुला करताना ‘डीबग’ बंद करावे, गुप्त किल्ली फाइलीबाहेर ठेवावी, अनुमत पत्त्यांची यादी भरावी, आणि डेटाबेसची प्रत रोज दुसऱ्या संगणकावर जाईल असे पाहावे. ‘रनसर्व्हर’ हा केवळ घडणीच्या काळापुरता आहे; सार्वजनिक सेवेस ‘गनिकॉर्न’सारखा वेगळा सर्व्हर लावावा लागतो.