त्रिरश्मी लेण्यातील चीवरदान आणि धुतंगाचा प्रश्न

नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील दहाव्या लेण्याचा शिलालेख इतिहासकार बहुधा नहपान क्षत्रपाच्या कालनिर्णयासाठी वाचतात. विनयाच्या अभ्यासकाला मात्र त्यात निराळाच प्रश्न दिसतो. नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे चारी दिशांच्या भिक्खुसंघाला अर्पण केले आणि ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अक्षयनीवी म्हणून ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज उपभोगायचे. पैकी २००० वर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वर्षावास केलेल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख आहे! भोजनासाठी ४००० कार्षापणांना विकत घेतलेले शेतही दिले.

आता उपसंपदेच्या वेळी भिक्खूला जे चार निस्सय सांगितले जातात, त्यांत भिक्षान्न आणि चिंध्यांचे पंसुकूल चीवर आहे. मग व्याजावर वस्त्र घेणारा संघ भ्रष्ट झाला काय? असा आक्षेप घेणारे विनय अर्धाच वाचतात. जीवकाच्या विनंतीवरून तथागतांनी गृहस्थांनी दिलेल्या चीवराची अनुज्ञा दिली. ज्याला हवे त्याने पंसुकूलिक राहावे, ज्याला हवे त्याने गहपतिचीवर घ्यावे. देवदत्ताने अरण्यवास, पंसुकूल इत्यादी पाच नियम सर्वांना आजन्म सक्तीचे करावेत अशी मागणी केली. ती तथागतांनी नाकारली, आणि त्यातूनच संघभेद झाला.

कठोरतेची ही ओढ केवळ आपल्याकडचीच नव्हे. आठव्या शतकात आयर्लंडमधील टाल्ला येथे ख्रिस्ती मठ स्थापणारा माएल रुआन (मृत्यू ७९२) आपल्या मठवासीयांना मद्याचा थेंबही घेऊ देत नसे. शेजारच्या फिंग्लास मठाचा प्रमुख मात्र सणाला मुभा देई. तेथेही वाद सक्तीचाच होता.

याउलट महाकस्सपांचे पाहा. वार्धक्यात तथागतांनी त्यांना जड चिंध्या टाकून गृहस्थांची वस्त्रे घ्यावीत असे सुचविले. त्यांनी ते विनयाने नाकारले. कारण स्वतःचा सुखविहार आणि पुढील पिढ्यांविषयीची अनुकंपा. धुतंग त्यांनी स्वतः पाळले. ती निवड होती, आज्ञा नव्हे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारले आहे की, भिक्खू हा केवळ परिपूर्ण पुरुष व्हावा की लोकांचा सेवक व्हावा? हा प्रश्न गोवर्धनच्या विणकरांचे वस्त्र पांघरणाऱ्याला जितका लागू आहे, तितकाच चिंध्या पांघरणाऱ्यालाही.