मुक्या माजावर उतारा

गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या गाईंवर उडते, सोट टाकते, हे गोठ्यात वावरणारा कुणीही सांगेल. पण भरपूर दूध देणाऱ्या गाईचा माज काही तासांतच ओसरतो, कधी तर रात्रीतून. दूध जास्त म्हणजे खाणं जास्त; त्या खाण्याने यकृतातून वाहणारं रक्त वाढतं आणि माज दाखवणारं इस्ट्रोजन तिथेच भराभर नष्ट होतं. संधी हुकली की पुन्हा 21 दिवस वाट पाहायची.

1995 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड पर्सली, मायलो विल्टबँक आणि त्यांच्या सहकाऱ्याने यावर तोडगा मांडला: ओव्हसिंक. माजाची वाटच पाहायची नाही! आधी जीएनआरएचचं, म्हणजे अंडं सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचं, इंजेक्शन, 7 दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, आणखी 2 दिवसांनी पुन्हा जीएनआरएच, आणि 16 ते 20 तासांत गाय भरवायची. जीएनआरएचची मात्रा किती? 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहाहजारावा भाग! एवढ्यावर सहाशे किलोची गाय अंडं सोडते.

मला खरी भुरळ घातली ती प्रोस्टाग्लँडिनने. हे रसायन गाईचं गर्भाशय स्वतःच बनवतं. माजानंतर सोळा-सतरा दिवस उलटले आणि गर्भाकडून ‘मी आहे’ असा सांगावा आला नाही, की गर्भाशय ते सोडतं. बीजांडावरचा पीतपिंड त्याने विरतो आणि पुढच्या माजाची वाट मोकळी होते. पण रक्तातून फिरत गेलं तर फुप्फुसं त्यातलं बरंचसं निकामी करतात. मग ते पोचतं कसं? बीजांडाची नागमोडी धमनी गर्भाशयाच्या शिरेला अगदी चिकटून जाते. प्रोस्टाग्लँडिन शिरेच्या भिंतीतून पाझरून थेट धमनीत शिरतं आणि त्याच बाजूच्या बीजांडावर पोचतं. आडवाटेने पाठवलेला हा निरोप आपण सुईने देतो, इतकंच.

म्हणून या इंजेक्शनांना जादू समजू नये. मूळ ओव्हसिंकने एका रेतनामागे गाभण राहण्याचं प्रमाण फारसं वाढत नाही. मुका, म्हणजे लक्षणं न दाखवणारा, माज असलेली गायही ठरल्या दिवशी भरवता येते, हा फायदा. उपाशी, रोडावलेल्या किंवा गर्भाशयात पू झालेल्या गाईचं दुखणं वेगळं, त्याचा इलाजही वेगळा.

आणि प्रोस्टाग्लँडिन देण्याआधी गाय गाभण नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्याच, नाहीतर ती गाभडेल. ते कातडीतूनही अंगात भिनतं. गरोदर बाईने किंवा दमेकऱ्याने त्या बाटलीला हात लावू नये.