महीच्या मुखाशी, चिखलातली गोगलगाय

कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलेले बडोदेकर ओहोटीत उघडा पडलेला चिखल पाहून नाक मुरडतात. या घाणीत काय जगणार, असं त्यांना वाटतं. पण ही घाण नाहीच. इथे खंबातच्या आखातात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी १० मीटरहून अधिक होतो. पाण्याबरोबर येणाऱ्या गाळावरचं सूक्ष्म शेवाळ आणि खारफुटीची कुजलेली पानं हे खाडीतल्या असंख्य जिवांचं अन्न आहे.

भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर खारफुटीच्या अशा चिखलात टेलिस्कोपियम ही सागरी गोगलगाय राहते. काळसर, टोकदार शंख, लांबी साधारण १० सेंटिमीटर. ती पावसाळ्यात बागेत फिरणाऱ्या गोगलगायीसारखीच असेल, हा समज चुकीचा. बागेतलीला फुप्फुस असतं, हिला कल्ला. ओहोटीत कोरडं पडलं की ही अंग आत ओढून शंखाचं तोंड झाकणीने बंद करते. आणखी एक नवल म्हणजे नेहमीच्या दोन डोळ्यांखेरीज हिच्या प्रावाराच्या, म्हणजे शंखाखालच्या मऊ आवरणाच्या, कडेवर तिसरा डोळा असतो! ती शंख बदलते, असंही काहीजण सांगतात. पण दुसऱ्याचा शंख घेऊन हिंडतो तो शंखवासी खेकडा. गोगलगायीचा शंख तिच्याच अंगातून तयार होतो आणि तिच्याबरोबर वाढतो.

ती खाण्याजोगी नाही, हाही गैरसमजच. फिलिपिन्समध्ये शंखाचं टोक तोडून ती नारळाच्या दुधात शिजवतात आणि मांस चोखून खातात.

खरी सावधगिरी हवी ती याच्या उलट समजाबाबत: ‘उकळलं की सगळं शुद्ध.’ उकळल्याने जंतू मरतात, पण शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू तसेच राहतात. गाळ खाणाऱ्या या जिवाच्या अंगात ते साठतात. मलेशियात संशोधकांनी किनाऱ्यावरचं धातूंचं प्रदूषण मोजायला हीच गोगलगाय वापरली, ती त्यामुळेच.

हा मुद्दा बडोद्याला दूरचा नाही. इथल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्याने जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ मही नदीच्या खाडीत जातं. त्यामुळे या पट्ट्यातली कोणतीही गोगलगाय वा शिंपला धातूंची तपासणी झाल्याखेरीज ताटात घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन. चिखलाला नावं ठेवण्याआधी आपण त्यात काय सोडतो, ते नियमित मोजून लोकांसमोर मांडलं गेलं पाहिजे.