पंचाचाच राजीनामा

२० नोव्हेंबर २०२० रोजी लंडनमध्ये एक राजीनामा दिला गेला. ज्यांच्यावर ठपका होता त्यांनी नव्हे, ठपका ठेवणाऱ्याने. गृहमंत्री प्रीती पटेल अधिकाऱ्यांशी जशा वागल्या त्याला दमदाटीच म्हणावं लागेल, मग हेतू तसा नसेना का, असा निष्कर्ष पंतप्रधानांचे आचारसंहिता सल्लागार सर ॲलेक्स ॲलन यांनी काढला होता. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तो वाचला आणि संहितेचा भंग झालेला नाही, असं जाहीर केलं. पटेल पदावर राहिल्या. ॲलन घरी गेले.

गंमत अशी की यात नियमाबाहेरचं काहीच नव्हतं. ब्रिटिश मंत्र्यांची आचारसंहिता हा कायदा नव्हे, पंतप्रधानांनी काढलेली नियमावली. एकेकाळी ती गोपनीय असे; १९९२ मध्ये जॉन मेजर यांनी ती लोकांसमोर ठेवली. ‘स्वतंत्र सल्लागार’ हे पद टोनी ब्लेअर यांनी २००६ मध्ये निर्माण केलं. पण त्याला नेमणार पंतप्रधान, चौकशी सोपवणार पंतप्रधान आणि अखेरचा निवाडाही त्यांचाच. यातलं ‘स्वतंत्र’ नेमकं काय, हे ॲलन यांच्या जाण्याने सगळ्यांना दिसलं.

त्यांच्या जागी आलेले लॉर्ड गाइट हे राणीचे माजी खासगी सचिव. दरबारी संयमात मुरलेले. जून २०२२ मध्ये तेही गेले. सरकार जाणूनबुजून संहिता मोडण्याच्या बेतात आहे आणि त्यावर आपलं मत मागितलं जातंय, हे त्यांना सहन झालं नाही. पुढचे सहा महिने ती खुर्ची रिकामीच होती.

मग लॉरी मॅग्नस आले, पेशाने बँकर. करप्रकरणात त्यांचा अहवाल येताच जानेवारी २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी नदीम झहावींना मंत्रिमंडळातून काढलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केयर स्टार्मर यांनी सल्लागाराला स्वतःहून चौकशी सुरू करण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये उपपंतप्रधान अँजेला रेनर यांच्यावरचा अहवाल आला: घरखरेदीत मुद्रांक शुल्क कमी भरलं गेलं, वागणं प्रामाणिक, पण तज्ज्ञाचा सल्ला घ्यायला हवा होता, म्हणून संहिताभंग. त्याच दिवशी त्या पायउतार झाल्या.

पटेल आणि रेनर यांचे अहवाल शेजारी ठेवले तर चक्रावायला होतं. हेतू वाईट नव्हता, हे दोन्हींत आहे. भंग झाला, हेही दोन्हींत आहे. मधल्या काळात सल्लागाराला चौकशीची मोकळीक मिळाली खरी, पण शिक्षेचा अधिकार अजूनही पंतप्रधानांच्याच खिशात आहे. उद्या जॉन्सन यांच्यासारखा कुणी आला, तर मॅग्नस यांचा अहवालही ॲलन यांच्या अहवालाच्या वाटेने जाऊ शकतो.

भारतातही केंद्र आणि राज्यांतल्या मंत्र्यांसाठी १९६४ पासून आचारसंहिता आहे. ती पाळली जाते की नाही, हे केंद्रात पंतप्रधानांनी पाहायचं आणि राज्यात मुख्यमंत्र्यांनी. दरवर्षी मालमत्तेचं विवरण द्यायचं, तेही त्यांनाच. रागाने राजीनामा द्यायला या संहितेत सल्लागार नावाचा माणूसच नाही.