उच्च प्राथमिक गणित : कृतीकडून संकल्पनेकडे

इयत्ता सहावी ते आठवी हा गणित-शिक्षणातील संक्रमणाचा टप्पा होय. या टप्प्यावर विद्यार्थी ऋण संख्या, गुणोत्तर व बीजगणित या अमूर्त संकल्पनांकडे वळतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ ने विचारांचे गणितीकरण हे मुख्य उद्दिष्ट मानले. प्रत्यक्षात, 'असर' २०२३ नुसार ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील केवळ ४३.३ टक्के युवकांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. ज्याला भागाकार अवघड, त्याला कर्जाचा हप्ता कसा पारखता येईल? मानवी भांडवलातील ही तूट गंभीर आहे.

कृतीची उपयुक्तता एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ३ − (−२) = ५ का? प्रत्येकी +१ मूल्याच्या तीन पांढऱ्या सोंगट्या मांडाव्यात. काढून घेण्यास −१ मूल्याच्या काळ्या सोंगट्या नाहीत. म्हणून दोन पांढऱ्या व दोन काळ्यांची भर घालावी. ही भर शून्याइतकीच असल्याने मूळ संख्या बदलत नाही. आता दोन काळ्या काढल्या की पाच पांढऱ्या उरतात.

मात्र कृती हे साधन आहे, साध्य नव्हे. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून जुळवल्यास १८० अंशांची प्रतीती येते. सिद्धतेसाठी समांतर रेषांचाच आधार घ्यावा लागतो. कृती, चित्र व चिन्ह हा क्रम शिक्षकाने पूर्ण करून घ्यावा. साहित्याचा खर्च अल्प आहे. खरी गुंतवणूक शिक्षक-प्रशिक्षणात हवी.