धरणग्रस्तांच्या मुलखातून अंतराळाकडे

उन्हाळ्याच्या अखेरीस भाटघर धरणाचे पाणी ओसरले, की भोर तालुक्यात वेळवंडी नदीच्या पात्रातील कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. पाऊस लागला, की ते पुन्हा पाण्याखाली जाते. भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. पुढे भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणे उभी राहिली. पाणी पुण्याला आणि नीरेकाठच्या शेतीला मिळाले. गावे मात्र उठली. या भागातील वाचकाला ‘विस्थापन’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. अंतराळात घडणाऱ्या काही उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांचा विषय नेमका हाच आहे आणि त्या स्त्रियांनी लिहिलेल्या आहेत.

अशा कादंबऱ्यांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. संगीत नाटकाशी त्यांचा काही संबंध नाही. रेडिओवरील रटाळ मालिकांना अमेरिकेत ‘सोप ऑपेरा’ म्हणत. त्याच धर्तीवर विल्सन टकर या लेखकाने १९४१ साली अंतराळयानांच्या साचेबद्ध कथांना हे नाव हेटाळणीने दिले. अनेक ग्रहांवर पसरलेली मानवजात, ताऱ्या-ताऱ्यांमधील युद्धे आणि सत्तासंघर्ष ही या प्रकाराची लक्षणे होत. कालांतराने लेखन सकस झाले आणि नावातील हेटाळणी गळून पडली.

हा पुरुषांचा प्रांत, असा समज दीर्घकाळ होता. वस्तुस्थिती वेगळी आहे. या प्रकारातील आद्य मानली जाणारी ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ १९२८ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात आली, तेव्हा ई. ई. स्मिथ यांच्याबरोबर ली हॉकिन्स गार्बी या स्त्रीचे नाव सहलेखिका म्हणून छापलेले होते. पुढच्या सुधारित आवृत्तीवरून ते नाव गेले. अॅलिस नॉर्टन यांनी तर १९३४ मध्ये कायदेशीररीत्या आपले नाव ‘आंद्रे’ असे करून घेतले. कारण त्यांचा वाचकवर्ग मुलग्यांचा होता आणि पुरुषी नाव असलेले पुस्तक खपणे सोपे होते.

नाव बदलण्याचे एक उदाहरण मराठीतही आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या प्रसिद्धीचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये, हा त्यांचा हेतू होता. तिकडच्या लेखिकांना मात्र आपण स्त्री आहोत हे झाकावे लागत होते. दोहोंतील हा फरक पुरेसा बोलका आहे.

१९६८ मध्ये अॅन मॅकॅफ्री या ह्युगो पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या लेखिका ठरल्या. कादंबरीसाठी तो मान १९७० मध्ये अर्सुला ले ग्विन यांना मिळाला. त्यानंतरच्या तीन कादंबऱ्या नवख्या वाचकाने अवश्य वाचाव्यात.

आरंभ लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या ‘शार्ड्स ऑफ ऑनर’ (१९८६) पासून करावा. शत्रुपक्षांतील दोन अधिकारी, कॉर्डेलिया नेस्मिथ आणि अॅरल व्होरकोसिगन, एका निर्मनुष्य ग्रहावर अडकतात. कथानक वेगवान आणि भाषा सोपी आहे. युद्धाची खरी किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र हलका नाही.

दुसरी सी. जे. चेरी यांची ‘डाउनबिलो स्टेशन’ (१९८१), १९८२ च्या ह्युगो पुरस्काराची मानकरी. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या स्थानकांवरील निर्वासितांनी खच्चून भरलेली याने पेल स्थानकावर येऊन थडकतात. त्यांना एका विभागात कोंडले जाते. स्थानकाचे मूळ रहिवासी त्यांच्याकडे संशयाने पाहू लागतात. खाली ग्रहावर तेथले आदिवासी जीव आहेतच. पुनर्वसन, कागदपत्रे, ओळख हरवणे हे सारे या कादंबरीत आहे. सुरुवातीची काही प्रकरणे नावांच्या गर्दीमुळे जड जातात. तेवढा धीर धरावा.

तिसरी ले ग्विन यांची ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४). रूढ अर्थाने ही स्पेस ऑपेरा नव्हे. तिच्यात लढाया नाहीत, पण दोन जगांचा पट आहे. एक जग समृद्ध आणि विषम, दुसरे कोरडे, दुष्काळी, पण खासगी मालमत्ता न मानणारे. शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ या दोहोंमध्ये ये-जा करतो. कोणतीच व्यवस्था निर्दोष नाही, हे लेखिका आडपडदा न ठेवता दाखवते.

इंग्रजीची सवय नसलेल्यांनी आधी नारळीकरांची ‘प्रेषित’ वाचावी, तसेच शुभदा गोगटे आणि मेघश्री दळवी यांच्या विज्ञानकथांकडे वळावे. मराठी विज्ञानकथा प्रामुख्याने लघुकथेत रमली. अनेक ग्रहांचा विस्तीर्ण पट असलेली कादंबरी तिच्यात विरळाच आढळते. त्यासाठी लागणारी सामग्री मात्र दूर नाही. धरणाखाली गेलेले गाव, वरच्या खोऱ्यातील पाण्यावर वाढणारे शहर आणि नव्या जागी उपरे ठरलेली माणसे ज्यांनी घरच्या आठवणींतून ऐकली आहेत, अशी एखादी मुलगी या कादंबऱ्या वाचेल, तर तिला त्या परक्या वाटणार नाहीत. गावच्या वाचनालयाने पुढच्या खरेदीत यांतील एखादे पुस्तक घेतले, तरी तिची सोय होईल.