वृत्तपत्रविद्येचा विद्यार्थी : अभ्यास आणि उमेदवारी

पदवीनंतर वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्या तरुण-तरुणींपैकी पुष्कळांची एक ठाम समजूत असते. आपल्याला लिहिता येते, शाळेत निबंधांना पारितोषिके मिळाली, महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कविता छापून आली. तेव्हा पत्रकारिता आपल्याला जमेलच, असे त्यांना वाटत असते. पहिल्या सहामाहीतच ही समजूत ढासळू लागते, आणि ती ढासळणे हिताचेच असते. लेखन हा या व्यवसायाचा शेवटचा टप्पा होय. त्याआधी जाणे, पाहणे, विचारणे, कागद मिळवणे आणि मिळालेला कागद प्रत्यक्षाशी ताडून पाहणे, एवढी सगळी वाट चालावी लागते. विद्यार्थ्याचे पहिले वर्ष बहुतांशी या वाटचालीतच जाते.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा ते अगदी तरुण होते. मराठीत त्यांच्यापुढे वृत्तपत्राचा नमुना नव्हता, मग शाळा कोठून असणार? पुढे शतकभराहून अधिक काळ मराठी पत्रकार घडला तो छापखान्यात. जुळारी खिळे जुळवीत असता शेजारी उभे राहून मुद्रिते तपासायची, तारांचे भाषांतर करायचे, आणि वडीलधाऱ्या उपसंपादकाने लाल शाईने खोडलेला मजकूर पुन्हा लिहून काढायचा, ही त्याची उमेदवारी. वृत्तपत्रविद्या विद्यापीठात शिकवता येईल, ही कल्पना भारतात बरीच उशिरा रुजली. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१मध्ये असा विभाग सुरू झाला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात अमेरिकन प्राध्यापक रोलंड वूल्सली यांच्या साहाय्याने १९५०च्या दशकाच्या आरंभी अभ्यासक्रम उभा राहिला. आज पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचे गरवारे इन्स्टिट्यूट, भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र आणि छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर येथील विद्यापीठांचे विभाग असे अनेक पर्याय आहेत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचाही मार्ग खुला आहे.

दिनक्रम

विद्यार्थ्याचा दिवस वृत्तपत्रांपासून सुरू होतो. एकच बातमी चार दैनिकांत कशी आली आहे, कोणी कोणता तपशील वर घेतला, कोणी कोणता गाळला, मथळ्यात काय आले आणि मजकुरात त्याला आधार आहे किंवा नाही, हे पाहण्याचा परिपाठ पडावा लागतो. ज्या ग्रंथालयात अंकांची थप्पी मांडलेली असते, तेथील लांब टेबल म्हणजे या विद्यार्थ्यांची खरी प्रयोगशाळाच. दूरध्वनीच्या पडद्यावर बातम्या वाचणाऱ्यांना हा अभ्यास जड जातो. पडद्यावर एकामागून एक बातम्या सरकत जातात, पण कोणती बातमी कोणत्या पानावर आणि किती स्तंभांत घेतली, हा संपादकाचा निर्णय तेथे दिसत नाही.

वर्गात कोण, काय, केव्हा, कोठे, का आणि कसे हे सहा ककार शिकवले जातात. सर्वांत महत्त्वाचे आधी आणि कमी महत्त्वाचे मागाहून, अशी बातमीची उलट्या मनोऱ्यासारखी रचनाही शिकवली जाते. हे सूत्र तारायंत्राच्या काळापासून रूढ झाले असले, तरी जागा कमी पडली की उपसंपादक आजही शेवटचा परिच्छेद कापतो, म्हणून ते टिकून आहे. दुपारी सराव असतो. एखादे शासकीय प्रसिद्धिपत्रक हाती देऊन त्याची दीडशे शब्दांत बातमी करावयास सांगितले जाते. ‘सदर योजनेअंतर्गत पात्र लाभार्थ्यांना उपरोक्त निकषांस अधीन राहून’ या वाक्याचे ‘कोणाला, किती आणि कधी मिळणार’ असे रूपांतर करताना पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची त्रेधा उडते.

बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याचा दिवस एवढ्यावर संपत नाही. खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे, बसचा पास यांचा मेळ घालावा लागतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून कोणी काही तास काम करतो, कोणी सायंकाळी भाषांतराची कामे घेतो, कोणी मुद्रितशोधनाची. यातील मुद्रितशोधनाकडे कमी प्रतीचे काम म्हणून पाहिले जाते, हे योग्य नव्हे. माणसाचे आडनाव, गावाचे नाव आणि आकडा यांवर नजर खिळवून ठेवण्याची सवय दुसऱ्या कोणत्याही कामाने इतकी लवकर लागत नाही.

एका टँकरची बातमी

बातमी मिळवणे म्हणजे काय, हे एखाद्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला एप्रिल महिन्यात पुरंदर तालुक्यातील एका गावाच्या पाणीटंचाईवर बातमी करावयास सांगितले. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाणारी बस तिला तालुक्याच्या ठिकाणी पोहोचवते. (आचार्य अत्रे यांचे जन्मगाव कोढीत याच तालुक्यातले.) पुढचा प्रवास मिळेल त्या वाहनाने. गावात शिरताच विहिरीच्या काठावर हंडे-कळशांची रांग दिसते. तिच्या जवळच्या भ्रमणध्वनीत छायाचित्रे येतात, स्त्रिया बोलतात : “ताई, टँकर दिवसातनं एकदाच येतो. तो बी कधी येईल त्याचा नेम नाही.” बातमी मिळाली, असे तिला वाटते.

तिचे प्राध्यापक तो मजकूर परत करतात. कारण बातमीचा आरंभ येथून व्हावयाचा असतो. टँकर गावाला आपोआप येत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव होतो, तो पंचायत समितीकडे जातो, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांच्या यंत्रणेकडून संयुक्त पाहणी होते, त्यानंतर खेपा मंजूर होतात. टँकर कोणत्या उद्भवावरून भरला, कधी आला, किती खेपा झाल्या याची नोंदवही असते आणि तीवर गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या जातात. ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज २० लिटर हा टँकरच्या पाण्याचा निकष आहे. म्हणजे १,२०० वस्तीच्या गावाला दररोज २४,००० लिटर, अर्थात १२,००० लिटरच्या टँकरच्या 2 खेपा हव्यात. हा हिशेब पाठीमागच्या पानावर मांडल्याशिवाय ‘टँकर एकदाच येतो’ या वाक्याला वजन येत नाही.

विद्यार्थिनी पुन्हा जाते. ग्रामसेवकांना भेटते (२०२४पासून त्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे) आणि नोंदवही पाहू देण्याची विनंती करते. नोंदवहीत दोन खेपा दिसतात. आता कोण खरे? उतावळा बातमीदार येथे ‘टँकर घोटाळा’ असा मथळा मनात रचून मोकळा होतो. पण तपास चालू ठेवला, तर दुसरी खेप गावठाणापासून दूर असलेल्या वस्तीच्या विहिरीत रिकामी होते असेही निघू शकते. किंवा तेथेही ती पोहोचत नाही आणि सह्या एकाच हाताच्या आहेत, असेही निघू शकते. वस्तीवर चालत गेल्याखेरीज यातले काहीच ठरवता येत नाही. अशा वस्तीवर बहुधा भूमिहीन आणि मजूर कुटुंबे राहतात. सरपंचांच्या ओसरीवर झालेल्या चर्चेत त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. जी बातमी ओसरीवरून लिहिली जाते, तीत तो मुळीच उतरत नाही. येथे दोन किलोमीटर चालण्याचा कंटाळा केला, तर कोणाच्या तरी घरच्या पाण्याचा प्रश्न छापून येत नाही, किंवा एखाद्या निर्दोष कर्मचाऱ्यावर चोरीचा ठपका बसतो.

नोंदवही दाखवण्यास नकार मिळाला, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हाताशी असतो. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळावे, अशी तरतूद आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटते; मात्र नेमका प्रश्न विचारण्याचा सराव विद्यार्थ्याला तीमुळे होतो, हेही नमूद करावयास हवे. ‘गावातील पाणीपुरवठ्याची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज निष्फळ ठरतो. ‘अमुक ते अमुक दिनांकाच्या टँकर नोंदवहीची प्रत द्यावी’ या अर्जाला सहज बगल देता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजली जाते. ती आकडेवारी पाहिली की ही टंचाई यंदाचीच की वर्षानुवर्षांची, याचाही अंदाज येतो.

शब्दांची किंमत

याच बातमीत आणखी एक परीक्षा असते. गावकरी ‘दुष्काळ’ म्हणतात, कार्यालयातील कागद ‘टंचाई’ म्हणतो. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. २०२३च्या खरीप हंगामात राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत पुरंदरचा समावेश होता. अन्यत्र काही महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ घोषित झाली. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी अशा उपाययोजना लागू होतात. म्हणून बातमीत ‘दुष्काळग्रस्त’ हे विशेषण सैलपणे वापरले, तर शेतकरी न मिळणाऱ्या सवलतीसाठी तहसील कार्यालयात खेपा घालण्याचा संभव असतो.

आधार न तपासता छापल्याची शिक्षा किती मोठी असू शकते, याचे उदाहरण मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या आरंभीच्या दशकांतच सापडते. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्धच्या ज्या पत्रांवर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी विसंबून मजकूर छापला, ती पत्रे न्यायालयात बनावट ठरली. १८८२मध्ये टिळक आणि आगरकर यांना अब्रुनुकसानीच्या खटल्यात चार महिन्यांची शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. दोघेही तेव्हा सव्विशीच्या आसपास होते. त्यांच्या हेतूविषयी कोणी शंका घेतली नाही. पण हेतू शुद्ध असल्याने कागद खरा ठरत नाही. आज बनावट पत्राची जागा फिरत्या ध्वनिचित्रफितीने घेतली आहे. एका राज्यातील जुने दृश्य दुसऱ्या राज्यातील ताजी घटना म्हणून भ्रमणध्वनीवर येते. ते मूळ कोठले, हे शोधण्याचे तंत्र आता अभ्यासक्रमात शिकवावे लागते.

कायद्याची माहितीही याच वर्षात करून घ्यावी लागते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख उघड करता येत नाही. केवळ नाव गाळून भागत नाही. लहान गावात आडनाव, शाळा किंवा वडिलांचा व्यवसाय एवढ्यानेही ओळख पटते, याचे भान विद्यार्थ्याने बाळगावे लागते.

पहिली कमाई

नाव छापून येण्याची ओढ स्वाभाविक आहे. बहुतेकांचे पहिले मुद्रित लेखन वाचकांच्या पत्रव्यवहारात येते. त्यानंतर पुरवणीतील लहानसा लेख, एखाद्या पुस्तकाचा परिचय, सभेचा वृत्तान्त. तालुक्याच्या गावी अंशकालीन वार्ताहर म्हणून काम मिळते, परंतु तेथील मानधनावर घर चालत नाही, आणि अनेक ठिकाणी बातमीसोबत जाहिरात मिळवून आणण्याची अपेक्षाही ठेवली जाते. ज्याच्याविषयी बातमी लिहायची, त्याच्याकडेच जाहिरातीसाठी हात पसरावा लागला, तर लेखणी मोकळी कशी राहणार? या प्रश्नाला अभ्यासक्रमाच्या पुस्तकात समाधानकारक उत्तर नाही. काही जण भाषांतर वा अध्यापन करून उपजीविका चालवतात आणि बातमीदारी त्यातून सोडवून घेतात; काही जण जनसंपर्काच्या नोकरीकडे वळतात.

मराठीत दीर्घ लेखनाला दुसरीही एक जागा पूर्वीपासून उपलब्ध आहे. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांची परंपरा चालत आली आहे. साप्ताहिके आणि दिवाळी अंक यांनी दैनिकात न मावणाऱ्या वृत्तान्ताला आसरा दिला. डॉ. अनिल अवचट शिक्षणाने वैद्य होते. बिहारच्या दुष्काळी भागात जाऊन जे पाहिले, त्यातून त्यांचे ‘पूर्णिया’ हे पुस्तक १९६९मध्ये आले. पी. साईनाथ यांनी १९९३पासून देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांत फिरून केलेल्या वार्तांकनाचे पुस्तक १९९६मध्ये निघाले. ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने ते मराठीतही वाचायला मिळते. २०१४मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांनी केलेले वार्तांकनही प्रसिद्ध होते आणि मराठीतून वाचता येते.

टँकरची बातमी मात्र प्रथम कोठे जाईल? बहुधा एखाद्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत, आतील पानावर, चाळीस-पन्नास शब्दांत आणि ‘प्रतिनिधीकडून’ अशा निनावी उल्लेखाने. वस्तीवरच्या खेपेचे वाक्य त्यात राहिले आहे की कापले गेले, हे पाहण्यासाठी विद्यार्थिनी सकाळी तो अंक घेते. दुपारच्या सत्रात तिला नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचावयाचा असतो.